होडी पाण्याला लागण्याआधी

कर्नाटकात बंगळूरजवळच्या आनेकल तालुक्यातल्या तलावांवर होड्यांसाठी म्हणून बांधलेला धक्का सहसा नसतो. असतो तो पाळीवरून थेट पाण्यात शिरणारा सिमेंटचा उतार. गणपतीची बोळवण तिथूनच होते, उन्हाळ्यात गाळ काढायला ट्रॅक्टर तिथूनच उतरतात, म्हशी तिथूनच पाण्यावर जातात आणि धुणं धुणाऱ्या बायकांचे दगडही त्याच्याच कडेला मांडलेले असतात. आमची बारा फुटी फायबरची होडी आम्ही अशाच एका उतारावरून पाण्यात सोडतो. कधी जलपर्णी ओढायला, कधी तळाची खोली मोजायला, थंडीत पक्षी मोजायला. सगळे हौशी लोक. आठवडाभर नोकरी आणि रविवारी तलाव.

माझं गाव इंदापूर तालुक्यात, उजनीच्या फुगवट्याच्या काठावर. होडीत बसून पलीकडच्या काठाला जाणं हे आमच्याकडे एसटीत बसण्याइतकं साधं होतं. बसण्याआधी काही बघायचं असतं हे तेव्हा कुणी शिकवलं नाही, आणि कुणाच्या मनातही आलं नाही. ते मी इथे, चंदापुऱ्याजवळ राहायला आल्यावर शिकलो. इथल्या एका वयस्क मच्छीमाराकडून बरंचसं, काही पुस्तकांतून आणि काही चुका करून. त्यातलं एक मला आता पक्कं कळलं आहे. तलावावरचा अपघात लोकांना पाण्यात दिसतो, पण त्याची तयारी काठावर झालेली असते. म्हणून हा लेख बहुतेक काठावरच थांबणार आहे.

आधी तलाव कसा आहे ते बघू, कारण इथला तलाव म्हणजे निसर्गाने केलेलं सरोवर नव्हे. उताराच्या जमिनीवर आडवा मातीचा बांध घालून पावसाचं पाणी अडवलेलं असतं. कन्नडमध्ये तलावाला केरे म्हणतात, बांधाला एरी, पाणी सोडण्याच्या मोरीला तूबु आणि सांडव्याला कोडी. तलाव भरून वाहू लागला की गावात एकच वाक्य फिरतं, ‘केरे कोडी बिद्दिदे.’ या चार शब्दांत होडीवाल्याला हवा तो सगळा नकाशा आहे. पाणी सर्वांत खोल असतं ते बांधाला लागून. जिथून ओढे येतात त्या वरच्या अंगाला ते उथळ होत जातं आणि तिथे गाळ, पाणकणीस, जलपर्णी माजलेली असते. म्हणजे बांधावरच्या उतारावरून होडी सोडली तर दहा-पंधरा पावलांत पाणी डोक्यावरून जातं. पोहता न येणाऱ्याला गुडघाभर पाण्यात उभं राहून सवय करून घ्यायला तिथे जागाच मिळत नाही.

तूबु चालू असेल तर त्याच्या तोंडाशी पाण्याला ओढ असते. वरून काही दिसत नाही, पण तिथे अडकलेल्या काटक्या-पाचोळ्याकडे बघितलं की समजतं. कोडी वाहत असेल त्या दिवशी तर होडी काढायचीच नाही. भरलेला तलाव दिसतो फार सुंदर, पण वल्हं मोडलं किंवा इंजिन बंद पडलं तर होडी सांडव्याकडेच सरकते. सांडव्यापलीकडे पाणी पुढच्या तलावात जातं, तिथून त्याच्या पुढच्या. तालुक्याच्या पूर्वेकडच्या तलावांची ही साखळी शेवटी दक्षिण पिनाकिनीला मिळते.

तिसरी गोष्ट वरून कधीच दिसत नाही. उन्हाळ्यात तलाव आटतो तेव्हा शेतासाठी, विटांसाठी, भरावासाठी माती उपसतात. जेसीबीचे ते खड्डे पावसाळ्यात पाण्याखाली जातात. कंबरभर पाण्यात चालणारा माणूस पुढच्या पावलाला बुडतो तो अशा खड्ड्यात. होडी ढकलत पाण्यात शिरणाऱ्याला हा धोका सर्वांत जास्त, कारण त्याचं लक्ष होडीकडे असतं. उजनीत खड्ड्यांच्या जागी जुनी गावं आहेत. धरण १९८० साली पूर्ण झालं आणि वाडे, विहिरी, बांध पाण्याखाली गेले. पाणी फार उतरलं की पळसदेवचं जुनं देऊळ उघडं पडतं आणि लोक ते बघायला जातात. देऊळ दिसलं की कौतुक वाटतं, पण होडी चालवणाऱ्याने त्याच वेळी हेही लक्षात घ्यावं की एरवी आपण त्याच्या कळसावरून जात असतो. शक्य असेल तर आपला तलाव एकदा मे महिन्यात, कोरडा असताना बघून यावा. त्या वेळी काढलेले पाच-सहा फोटो पुढे वर्षभर कामाला येतात.

पाण्याच्या प्रतीबद्दलही इथे बोलावंच लागतं. चंदापुरा तलावाच्या प्रदूषणाबद्दल राष्ट्रीय हरित लवादाने २०२२ साली कर्नाटक सरकारला ५०० कोटी रुपयांची भरपाई लावली होती. सांडपाणी येणाऱ्या तलावात पायाला जखम असताना उतरू नये, तोंडावर पाणी उडालं तर लगेच धुवावं आणि घरी आल्यावर साबणाने आंघोळ करावी. फेस साचलेल्या किंवा वास मारणाऱ्या तलावात आम्ही होडी घालत नाही. असा तलाव बघितला की पोटात कालवतं, आणि तरी त्याच तलावाच्या वरच्या अंगाला कमळपक्षी जलपर्णीवरून चालताना दिसतात तेव्हा हे काम सोडवत नाही.

परवानगीचा भाग थोडक्यात सांगतो. तलाव कुणाच्या ताब्यात आहे ते आधी विचारायचं. लघुपाटबंधारे खातं असेल, पंचायत असेल किंवा नगरपालिका, त्यांचं पत्र खिशात हवं. मासेमारीचा ठेका कुणाकडे आहे तेही विचारायचं, कारण जाळी त्यांची असतात आणि ती कुठे लावली आहेत हे तेच सांगू शकतात. होडीला इंजिन असेल तर नोंदणी आणि तपासणीचा प्रश्न येतो. १९१७चा जुना कायदा जाऊन आता अंतर्देशीय जलयान अधिनियम, २०२१ आला आहे, आणि आपली होडी त्यात कुठे बसते हे संबंधित कार्यालयात विचारून घ्यावं. गणेशोत्सवाच्या दिवसांत उताराकडे फिरकूही नये. तो उतार तेव्हा होडीचा नसतो, आणि विसर्जनानंतरही काही दिवस तिथल्या पाण्यात लाकडी पाट, तारा आणि खिळे असतात.

आदल्या दिवशी संध्याकाळी एकाने उतारावर जाऊन यायचं. बरोबर एक मीटरची सरळ काठी आणि अर्धी भरलेली पाण्याची बाटली घ्यायची. काठीचं एक टोक उतारावर टेकवायचं, बाटली आडवी ठेवून काठी सपाट धरायची आणि दुसऱ्या टोकाखाली किती अंतर राहतं ते मोजायचं. बारा ते पंधरा सेंटिमीटर आलं तर उतार ट्रेलरसाठी उत्तम. त्याहून कमी असेल तर होडी तरंगेपर्यंत ट्रेलर इतका आत न्यावा लागतो की गाडीची मागची चाकंही पाण्यात जातात. जास्त असेल तर भरलेली गाडी वर चढताना चाकं घसरतात. गणपतीसाठी केलेले उतार माणसांच्या पावलांचा विचार करून बांधलेले असतात, ट्रेलरचा नव्हे, म्हणून हे मोजणं टाळू नये.

मग बांबू घेऊन सिमेंट कुठे संपतं ते चाचपायचं. हे फार महत्त्वाचं आहे. उताराच्या शेवटी बहुतेक वेळा पायरीसारखी कड असते आणि त्याखालची माती पाण्याने खरवडलेली असते. इंजिनाच्या जोरावर होडी ट्रेलरवर चढवायची सवय असलेले लोक ती माती आणखी उकरतात, कारण पंख्याचा झोत नेमका तिथेच बसतो. ट्रेलरचं चाक त्या कडेवरून खाली गेलं तर दोन माणसांना ते उचलून वर आणता येत नाही. आम्ही त्या जागेच्या सरळ रेषेत, काठावर, चुन्याची खूण करतो. गाडी चालवणाऱ्याला ‘इथपर्यंतच’ एवढं दिसलं पाहिजे.

आता वाऱ्याकडे येतो, आणि इथे मी थोडा रेंगाळणार आहे.

इथे आल्यावर पहिल्याच वर्षी तो मच्छीमार त्याच्या तेप्प्यात होता आणि आम्ही होडीत. तेप्पा म्हणजे टोपलीसारखी गोल नाव. पूर्वी बांबूच्या विणीवर कातडं चढवत, आता बहुतेक ताडपत्री किंवा फायबर. लांबून त्याने हात वर करून ओरडून सांगितलं, ‘गाळी बरतदे!’ मला त्यातला गाळ ऐकू आला. होडी रुतेल असं तो सांगतोय असं समजून मी वल्ह्याने तळ चाचपत राहिलो. कन्नडमध्ये गाळी म्हणजे वारा. तो आभाळाकडे बोट दाखवत होता आणि मी पाण्यात बघत होतो. पाच मिनिटांत वावटळ आली. आम्ही पाणकणसात घुसून बसलो म्हणून निभावलं. ज्या प्रदेशातल्या पाण्यावर जायचं, तिथला वारा, पाऊस, खोल, थांबा आणि मागे फिरा एवढे पाच शब्द तरी त्या भाषेत आले पाहिजेत. ते मी त्या दिवशी संध्याकाळीच पाठ केले.

तो वारा कुठून येतो? एप्रिल-मे महिन्यांत दुपारपर्यंत जमीन तापते, ढग उंच चढतात, आणि पाऊस कोसळायला लागला की त्याच्याबरोबर वरची थंड हवा धाडकन खाली येते. जमिनीला आपटली की ती चारी बाजूंना पसरते. म्हणून पाऊस तुमच्यापासून काही किलोमीटर लांब असतानाच वारा तुमच्यापर्यंत पोचतो. ऊन असतं, पाणी शांत असतं, आणि अचानक थंड झुळूक लागते. ती झुळूक ही शेवटची सूचना असते. त्यानंतर मिळतात ती थोडी मिनिटं.

उजनीवर २१ मे २०२४ रोजी संध्याकाळी असंच झालं. करमाळा तालुक्यातल्या कुगावहून इंदापूर तालुक्यातल्या कळाशीकडे एक होडी निघाली होती. सात माणसं होती. मध्येच वादळी वारा सुटला, लाटा आत आल्या आणि होडी उलटली. एक जण पोहत काठाला लागला. सहा जण गेले, त्यांत दोन लहान मुलं होती. त्या पाण्यातून मी शंभर वेळा गेलो आहे. ती बातमी वाचल्यापासून मे महिन्यात दुपारनंतर आम्ही होडी काढत नाही, आभाळ कितीही निरभ्र असो. सकाळी सहाला पाण्यावर, दहाला बाहेर.

बाकीच्या महिन्यांसाठी काही साध्या खुणा आहेत. पानं नुसती सळसळत असतील तर ठीक. रस्त्यावरची धूळ आणि कागद उडायला लागले, बारीक फांद्या हलायला लागल्या, म्हणजे वारा ताशी २० किलोमीटरच्या पुढे गेला. तलावावर लाटांचे माथे पांढरे होऊ लागतात तेही साधारण तेव्हाच. बारा फुटी होडीने तेव्हा काठावर असावं. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजायचे. आवाजाला एका किलोमीटरला जवळजवळ तीन सेकंद लागतात, म्हणजे तीसच्या आत गडगडाट आला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे. लगेच बाहेर यायचं आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबायचं. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेने केलेलं ‘दामिनी’ ॲप मोबाइलवर असू द्यावं.

वाऱ्याची एक फसवणूक मात्र ॲपमध्ये दिसत नाही. उतारावर उभं राहिल्यावर वारा आपल्या पाठीवर येत असेल तर समोरचं पाणी अगदी सपाट दिसतं. बांधाने आणि झाडांनी वारा अडवलेला असतो. जसजसं आत जावं तसतशा लाटा वाढतात, आणि आपल्याला त्या कळत नाहीत, कारण त्या आपल्याच दिशेने चाललेल्या असतात. त्या खऱ्या दिसतात ते परत वळल्यावर. उलट वारा तोंडावर असेल तर उतारावरच होडी आपटत राहते, सोडायला त्रास होतो, पण परत येणं सोपं असतं. नवख्याला पाठीवरचा वारा आवडतो. मला त्याची भीती वाटते.

होडीची तयारी घरी करायची. सर्वांत आधी बूच. होडीच्या मागच्या बाजूला, तळाशी, पाणी काढून टाकायला एक भोक असतं, आणि होडी धुतल्यावर त्याचं बूच काढून ठेवलेलं असतं. ते विसरणं ही जगभरातल्या होडीवाल्यांची सामाईक चूक आहे. इंचभर व्यासाचं भोक पाण्याखाली सहा इंच असेल तर त्यातून मिनिटाला सुमारे ३० लिटर पाणी आत येतं. दहा मिनिटांत होडीत न बोलावलेली चार माणसं बसल्यासारखं ते वजन होतं. आमच्या बुचाला लाल फीत बांधलेली आहे, आणि होडी निघाली की ती फीत बाहेर लोंबताना दिसलीच पाहिजे.

त्यानंतर दोर. पुढे एक, मागे एक, प्रत्येकी वीस-पंचवीस फूट. दोन वल्ही, इंजिन असलं तरी. पाणी उपसायला कापलेला डबा, शिट्टी, नांगर. पाच लिटरचा रिकामा प्लास्टिकचा कॅन, झाकण घट्ट लावलेला आणि त्याला पन्नास फूट दोर बांधलेला. हा कॅन बुडणाऱ्याकडे फेकायचा. पाण्यात उडी मारून वाचवायला जाणारा बहुतेक वेळा दुसरा बळी ठरतो, म्हणून आधी काठी किंवा वल्हं पुढे करायचं, ते पुरलं नाही तर कॅन फेकायचा.

किती माणसं? छोट्या साध्या होडीसाठी अमेरिकी तटरक्षक दलाचा एक ठोकताळा आहे. होडीची लांबी आणि रुंदी फुटांत घेऊन गुणाकार करायचा आणि पंधराने भागायचं. आमची होडी बारा बाय पाच, म्हणजे साठ भागिले पंधरा, चार माणसं. तेही शांत हवेत, आणि एक माणूस अडुसष्ट किलोचा धरून. ओली जलपर्णी किती जड असते हे ज्याने ती ओढली आहे त्यालाच कळेल; ती भरायची असेल तर आम्ही दोघंच बसतो. होडी पाण्यात असताना काठ पाण्यापासून किती वर राहिला ते बघायचं. वीतभरापेक्षा कमी असेल तर कुणीतरी उतरायचं, आणि कोण उतरणार हे आधी ठरलेलं असावं. पाण्यात गेल्यावर कुणी उभं राहायचं नाही, फोटोसाठी सगळ्यांनी एका अंगाला सरकायचं नाही. बसलेल्या माणसाचं वजन होडीच्या पोटात असतं; तो उभा राहिला की तेच वजन वर चढतं, आणि मग थोडा कलही होडीला सावरता येत नाही.

वडोदऱ्याच्या हरणी तलावावर १८ जानेवारी २०२४ रोजी शाळेची सहल होती. होडी उलटली आणि बारा विद्यार्थी व दोन शिक्षिका बुडाल्या. होडीत क्षमतेपेक्षा जास्त जण होते आणि लाइफ जॅकेट काही जणांनाच दिलेलं होतं. शहराच्या मधोमध असलेला तलाव, दुपारची वेळ, काठ डोळ्यांसमोर. तेव्हापासून माझ्या मनात तडजोडीला जागा उरलेली नाही. जितकी जॅकेटं तितकी माणसं, आणि जॅकेट उतारावर पाय ठेवण्याआधी घालायचं. बसायला घेतलेलं किंवा बाकाखाली ठेवलेलं जॅकेट, होडी उलटल्यावर कुणालाही घालता येत नाही. बरोबर बसलं आहे का हे बघायला सगळे बंद आवळून दोन्ही हात वर करायचे आणि दुसऱ्याने खांद्याच्या पट्ट्या धरून वर ओढायचं. जॅकेट हनुवटीला आणि कानांना लागलं तर ते सैल आहे. लहान मुलासाठी पायांमधून जाणारा पट्टा असलेलंच घ्यायचं, नाहीतर पाण्यात मूल खाली राहतं आणि जॅकेट वर येतं. आमच्याकडे एक काका उत्तम पोहणारे आहेत. ते म्हणायचे, ‘मला कशाला?’ मी त्यांना एवढंच म्हटलं, ‘काका, तुम्ही घातलं नाही तर ही पोरं घालणार नाहीत.’ त्या दिवसापासून ते सर्वांत आधी घालतात.

घरातून निघताना एका माणसाला, जो होडीत नसेल त्याला, सांगून ठेवायचं. कुठला तलाव, कुठला उतार, किती जण, किती वाजता बाहेर येणार, आणि त्या वेळेनंतर अर्ध्या तासात फोन आला नाही तर ११२ वर कळवायचं. फोन पाण्यात जाऊन बंद पडतो, म्हणून हा निरोप आधीच दिलेला असावा लागतो.

आता उतार. गाडी सरळ उतारावर न्यायची नाही. आधी वर, सपाट जागेवर, कडेला उभी करायची. तिथे सामान होडीत ठेवायचं, बूच बघायचं, मागचे आवळपट्टे सोडायचे आणि ट्रेलरच्या दिव्यांची तार काढायची. पुढचा हूक आणि त्याची साखळी मात्र सोडायची नाही. ती आधी सुटली तर शेवाळलेल्या उतारावर होडी ट्रेलरवरून घसरून सिमेंटवर पडते. या कामाला पंधरा-वीस मिनिटं लागतात आणि तेवढ्यात ट्रेलरच्या चाकांचे बेअरिंगही निवतात. गरम बेअरिंग एकदम गार पाण्यात गेलं तर आतली हवा आक्रसते आणि पाणी ग्रीसमध्ये ओढलं जातं. परतीच्या वाटेवर चाक जाम होतं ते त्यामुळे.

उतारावर जे कुणी असेल त्यांना आधी सांगायचं. धुणं धुणाऱ्या बाया आपल्यापेक्षा आधीपासून तिथे येतात. ‘अम्मा, ऐदु निमिष,’ म्हणून पाच मिनिटं मागितली की त्या दगडावरून उठून बाजूला होतात, आणि कितीदा तरी त्यांनीच मला आत तुटलेली काच कुठे आहे ते दाखवलं आहे. म्हशी असतील तर त्यांना आधी जाऊ द्यायचं. मुलं उतारावरून पूर्ण बाहेर, एकाच्या हाताशी.

मग ट्रेलर मागे घ्यायचा. स्टिअरिंगचा खालचा भाग धरायचा. खालचा हात डावीकडे नेला की ट्रेलर डावीकडे जातो, उजवीकडे नेला की उजवीकडे, त्यामुळे उलटसुलट विचार करावा लागत नाही. हालचाली लहान ठेवायच्या. ट्रेलर वाकडा व्हायला लागला तर तो मागे जाऊन सरळ होत नाही, आणखी वाकतो. पुढे येऊन सरळ करायचा आणि पुन्हा सुरुवात. खिडक्या उघड्या, गाणी बंद, सीटबेल्ट काढलेला. खुणा एकानेच करायच्या. तो माणूस चालकाला आरशात दिसेल असा बाजूला उभा राहील, ट्रेलरच्या मागे कधीही नाही. उतारावर घसरता ट्रेलर कुणाच्या हाताने थांबत नाही. तो म्हातारा मच्छीमार अशा वेळी काठावर उकिडवा बसून एकच शब्द म्हणत राहतो, ‘निधान, निधान.’ कन्नडमध्ये निधान म्हणजे सावकाश.

चुन्याच्या खुणेशी गाडी थांबली की गिअरमध्ये टाकायची, हँडब्रेक ओढायचा आणि मागच्या दोन्ही चाकांना ठोकळे लावायचे. हँडब्रेकच्या भरवशावर कुणी राहू नये. ओल्या शेवाळावर चाक न फिरताही गाडी सरकू शकते. ठोकळे लागल्यावर एकाने पुढचा दोर हातात घ्यायचा. दोर हाताला गुंडाळायचा नाही, नुसता धरायचा. मग दुसऱ्याने हूक आणि साखळी सोडायची आणि होडी हलकेच ढकलायची. दोर धरणारा तिला कडेला ओढून नेतो आणि खुंट्याला दोन वेढे देऊन बांधतो. दोन वेढे दिले की होडीचा जोर वेढ्यांवर येतो आणि गाठ निवांत मारता येते. गाडी लगेच वर न्यायची. त्यानंतर दोन मिनिटं कुणीही बसायचं नाही. होडीच्या तळात पाणी येतंय का, तेवढंच बघायचं.

बसताना एकेकाने, वाकून, मधोमध पाय ठेवून. इंजिन असेल तर ते बंद करणारी दोरी चालवणाऱ्याच्या मनगटाला किंवा जॅकेटला अडकवलेली हवी, म्हणजे तो पाण्यात पडला तर पंखा फिरत राहणार नाही.

परत येण्याबद्दल एकच गोष्ट सांगायची आहे, आणि ती मी इथल्या तलावांवर शिकलो. जलपर्णी मुळांनी तळाला धरलेली नसते, ती तरंगते. वारा फिरला की एकरभर जलपर्णी एकसंध सरकत येते आणि सकाळी मोकळा असलेला उतार तासाभरात हिरव्या पट्ट्यामागे बंद होतो. इंजिनाच्या पंख्यात ती गुंडाळली जाते, वल्हं त्यात फिरत नाही, आणि खाली उतरून चालावं तर तळ लागत नाही. म्हणून निघतानाच बाहेर पडायची दुसरी जागा ठरवून ठेवायची, आणि दर पंधरा मिनिटांनी मान वळवून उताराकडे बघायचं. आणि तरीही होडी उलटलीच तर होडी सोडायची नाही. उलटी झालेली होडी बहुधा तरंगत राहते, आणि पाण्यात डोकं दिसण्यापेक्षा काठावरून होडी दिसणं सोपं असतं. काठ जवळ वाटतो म्हणून पोहत निघणारा मध्येच दमतो.

होडी वर घेताना क्रम उलटा. आधी गाडी खाली, ठोकळे, मग होडी दोराने ओढत ट्रेलरवर, हूक, साखळी, आणि त्यानंतरच गाडी वर. सपाट जागेवर येऊन बूच काढायचं, पाणी जाऊ द्यायचं. मग ट्रेलरच्या सांध्यांतून, पंख्यातून, नांगराच्या दोरातून जलपर्णीचा एकेक तुकडा वेचून काढायचा. एका गड्डीतून नवा पट्टा उभा राहायला वेळ लागत नाही, आणि पुढच्या रविवारी आपण कदाचित दुसऱ्या तलावावर असू. वेचलेलं सगळं पाण्यापासून लांब, उन्हात टाकायचं. शेवटचा तुकडा हाताला लागेपर्यंत साडेदहा वाजलेले असतात. मग मी घरी फोन करतो, आणि फोनजवळ बसलेली बायको, निघताना तो निरोप लिहून घड्याळाखाली ठेवलेला कागद फाडते.